भूल दिली, पण पेशंट तर जागाच होता!

प्रश्न असा आलाय: वडिलांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं, पाठीत इंजेक्शन दिलं, वडील अख्खा वेळ भुलीच्या मॅडमशी आपल्या सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या गप्पा मारत होते, आणि तरी संमतीपत्रावर 'भूल देण्यास संमती' असंच लिहिलेलं. माणूस शुद्धीत असताना भूल कसली? शिवाय भूल म्हणजे तर चूक, मग दवाखान्यात असला शब्द कशाला ठेवायचा, बदलायला नको का? आणि जाता जाता, भूलतज्ज्ञ की भुलतज्ञ?

बदलायला नको. अजिबात नको. हातातला सोन्यासारखा शब्द आहे आणि लोक तो टाकायला निघालेत.

आधी राग काढून घेतो. भूल आणि बेशुद्धी एकच समजून बोलणारे लई झालेत. टीव्हीवर 'रुग्णाला बेशुद्ध करून शस्त्रक्रिया', सिव्हिलच्या व्हरांड्यात 'बेशुद्धीचे डॉक्टर आले का', आणि परवा एकानं तर कमरेपासून खाली बेशुद्ध केलं म्हणून सांगितलं. पाय बेशुद्ध पडतात व्हय? पायाला शुद्ध असते का बे? चक्कर येऊन पडलेला, डोक्याला मार लागलेला माणूस बेशुद्ध. बेशुद्ध पडतात. भूल दिली जाते, ती चढते, ती उतरते, आणि कुणीतरी डोक्याशी बसून तिच्यावर नजर ठेवून असतं. क्रियापदंच वेगळी आहेत की, अजून काय पुरावा पाहिजे.

चूक, मोह, भुरळ हे अर्थ सगळ्यांना ठाऊक आहेत, सोडून देतो. मजा पुढे आहे. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्र नावाचा जैन आचार्य होऊन गेला, त्यानं व्याकरण लिहिलं आणि त्याचा आठवा अध्याय खास प्राकृतासाठी ठेवला. त्यात भ्रंश् या धातूवर एक सूत्र आहे: संस्कृतात जिथे भ्रंश् म्हणजे घसरणं, ठिकाणावरून निसटणं, तिथे प्राकृतात लोक काय म्हणतात तर फिड, फिट्ट, फुड, फुट्ट, चुक्क, भुल्ल. शेवटची जोडी बघा. चुक्क आणि भुल्ल! चूक आणि भूल आठशे-नऊशे वर्षांपूर्वी एका सूत्रात शेजारी शेजारी बसलेत आणि आपण आजही पावतीखाली चू.भू.द्या.घ्या. लिहितो. चाटी गल्लीतल्या कापडवाल्याला विचारा, चूक आणि भूल एकच असती तर त्यानं दोन्ही कशाला लिहिली असती? आकडा चुकीचा मांडला ती चूक, मांडायचाच राहून गेला ती भूल. डॉक्टरची चूक म्हणून भूल वगैरे म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर बस झालं.

आता इथे काही जाणकार लगेच सांगतात की भूल हा भ्रमचा अपभ्रंश, आणि वर हेमचंद्राचा हवाला देतात. हेमचंद्र वाचला तरी आहे का? पहिलं म्हणजे तिथे भ्रंश् आहे, भ्रम् नाही. दुसरं म्हणजे तो भ्रंश् पासून भुल्ल 'झाला' असं म्हणतच नाही, भ्रंश् च्या जागी भुल्ल 'येतो' एवढंच म्हणतो. अशा आदेशांत, म्हणजे एकाच्या जागी दुसरं रूप बसवायच्या नियमांत, अस्सल देशी शब्द खच्चून भरलेत, ज्यांना संस्कृत बाप शोधायची गरज नाही, पण आपल्याकडे बापाचं नाव संस्कृत नसलं की शब्दाला पंगतीत बसवत नाहीत.

तर मुळात अर्थ निसटणं, जागा सुटणं. म्हणून माझं म्हणणं (आणि हे मी गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला ऐकवतोय) की 'भूल देणे' मधली भूल ही विसरण्यातून आलेली नाही आणि चुकण्यातून तर नाहीच नाही, ती रानभुलीतून आली. रानात भूल पडते म्हणतात, चकवा लागतो म्हणतात, त्यात माणूस बेशुद्ध असतो का? नाही. डोळे उघडे, पाय चालतायत, झाडं दिसतायत, फक्त वाट हरवलेली, तिथल्या तिथे फिरत राहतो. जागेपण आहे, ठिकाण सुटलंय.

आणि आता तुमचे वडील घ्या. पाठीच्या मणक्यात बारीक सुई घालून मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात दोन-तीन मिली औषध सोडतात, ते खालच्या नसांतून जाणारा निरोप अडवतं. आधी वेदना आणि गार-गरम जातं, स्पर्श आणि दाब मागून जातो, म्हणून 'कोणीतरी ओढतंय पण दुखत नाही' असं पेशंट सांगतात. डोकं एकदम साफ. ऑगस्ट बियर नावाच्या जर्मन सर्जननं १८९८ मध्ये कील शहरात हे पहिल्यांदा कोकेन वापरून केलं, मग सहायकाबरोबर एकमेकांवरच प्रयोग केला आणि स्वतः डोकेदुखीनं कित्येक दिवस आडवा पडला. पण मला आवडणारी गोष्ट वेगळीच आहे. अशी भूल चढल्यावर काही पेशंटना आपले पाय अजून वर उचललेले किंवा दुमडलेले आहेत असं वाटत राहतं, प्रत्यक्षात पाय टेबलावर सरळ पडलेले असतात. पाय कुठे आहेत हेच हरवतं. पायांची वाट चुकली! याला भूल नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?

केटामिन या औषधाची भूलही तशीच. डोळे उघडे, बुबुळं हलतायत, श्वास चालू, आणि माणूस मात्र इथे नाही. रानभूल, शंभर टक्के.

बरं, हे पाठीतल्या इंजेक्शनचं झालं, पूर्ण भुलीत तरी माणूस बेशुद्ध असतो ना? इथे तर जास्तच मजा आहे. १९४० च्या दशकात क्युरारे हे स्नायू ढिले करणारं औषध भुलीसोबत वापरायला लागले, आणि काहींना वाटायचं की त्यानं शुद्धही जाते. १९४७ मध्ये स्कॉट स्मिथ नावाच्या भूलतज्ज्ञानं दुसरं काहीही न घेता नुसतं क्युरारे स्वतःला टोचून घेतलं. बोट हलेना, श्वास दुसऱ्यांनी चालू ठेवला, बाहेरून बघणाऱ्याला ठार बेशुद्ध, आणि आत हा गडी पूर्ण जागा, सगळं ऐकत होता, नंतर सगळं सांगितलं. म्हणजे 'बेशुद्ध' हा बघणाऱ्याचा शब्द आहे, पेशंटचा नाही.

नंतर १९७७ मध्ये टन्स्टॉल या भूलतज्ज्ञांनी एक युक्ती काढली, सिझेरियनच्या बायकांसाठी. स्नायू ढिले करणारं औषध द्यायच्या आधी एका हाताला बीपीच्या पट्ट्यासारखा पट्टा आवळायचा म्हणजे औषध त्या हातात उतरत नाही, मग भूल चढल्यावर कानात सांगायचं, ऐकू येत असेल तर माझा हात दाबा. आणि काही जणी दाबतात! हीच युक्ती वापरून बऱ्याच इस्पितळांत मिळून केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये छापून आला, त्यात २६० पैकी १२ जणांनी श्वासनळीत नळी घातल्यानंतर हात दाबला. ऑपरेशननंतर विचारलं तर आठवण जवळजवळ कुणालाच नाही. घाबरू नका, ऑपरेशनमधलं आठवतंय अशी तक्रार फार विरळा, ब्रिटन-आयर्लंडच्या २०१४ च्या मोठ्या पाहणीत सुमारे १९,००० पूर्ण भुलींमागे एक. पण शब्दाच्या दृष्टीनं बघा: सांगितलेलं ऐकलं, कळलं, हात दाबला, आणि ते आठवणीतून निसटलं. तो माणूस बेशुद्ध होता म्हणाल तर खोटं. त्याला भूल होती म्हणाल तर अक्षर न् अक्षर खरं.

गंमत म्हणजे साहेबाचा पहिला शब्दही असाच होता. १६ ऑक्टोबर १८४६ ला बोस्टनमध्ये मॉर्टन या दातांच्या डॉक्टरनं मानेच्या गाठीच्या ऑपरेशनसाठी ईथर हुंगवलं, पेशंट नंतर म्हणाला दुखलं नाही, नुसतं खरवडल्यासारखं वाटलं (बघा, हाही पुरता बेशुद्ध नव्हताच). मॉर्टनला पेटंट पाहिजे होतं म्हणून ईथरला रंग-वास लावून 'लिथिऑन' नाव दिलं, ग्रीक पुराणातल्या लीथी या विसरायला लावणाऱ्या नदीवरून. महिन्याभरात ऑलिव्हर वेंडेल होम्स या डॉक्टर-लेखकानं पत्र लिहून 'अ‍ॅनेस्थेशिया' सुचवला, म्हणजे जाणीव नसणं, आणि तोच जगभर चालला. लिथिऑन टिकला असता तर आपल्या भुलीचा सख्खा भाऊ झाला असता.

'हिंदीतून आलाय हो' म्हणणारेही भेटतात. हिंदीत भूलना आहे, पण भूल 'देतात' का? तिकडे बेहोशी, सुन्न, आणि सरकारी कागदावर निश्चेतना. भूल देणं आपलं आहे.

आणि आपल्या सरकारी कागदावर काय? बधिरीकरण. हा शब्द ज्यांनी काढला त्यांना साष्टांग नमस्कार. बधिर म्हणजे संस्कृतात बहिरा, आपला बहिरा त्याचाच प्राकृत वंशज, आणि मूकबधिर तर अजून रोज छापून येतं. दाताची जागा बधिर केली इथवर ठीक, पण अख्ख्या शास्त्राला बहिरं करण्याचं शास्त्र? तेही जिथे भुलीतलं काही आठवलंच तर बहुतेक वेळा आठवतात ते आवाज! म्हणून तर थिएटरात पेशंट झोपलाय म्हणून वाट्टेल ते बोलू नका असं शिकवतात. संवेदनाहरण अर्थाला बरोबर आहे, पण सीताहरणासारखं वाटतं आणि पेशंटच्या तोंडात बसत नाही.

आपल्या सोलापुरात तर एका वॉर्डात चार भाषा. तेलुगू बोलणारी पद्मशाली आजी 'मत्तु' म्हणेल, मत्तचा मत्तु, म्हणजे नशाच. कन्नडात पुस्तकी शब्द 'अरिवळिके', अरिवु म्हणजे जाणीव आणि ती अळणं म्हणजे नाहीशी होणं, होम्सच्या शब्दाचं चोख रूप. उर्दूवाले बेहोशी, नाहीतर सुन्न, जे शून्यातून आलंय. सगळे आपापल्या जागी बरोबर, पण माणूस जागा असून त्याचं काहीतरी वाट चुकलंय हे एकट्या भुलीत येतं. यावर कुणाला वाद घालायचा असेल तर या, पण आधी हेमचंद्र वाचून या.

हां, तुमचा शेवटचा प्रश्न राहिलाच. भूलतज्ज्ञ. भूल दीर्घ, तत् + ज्ञ म्हणून ज्ज्ञ जोडलेला. 'भुलीचे डॉक्टर' लिहिताना मात्र भु ऱ्हस्व, कारण सामान्यरूपात उपान्त्य ऊ ऱ्हस्व होतो, धूळ-धुळीत, चूक-चुकीचा तसं. होटगी रोडला एका पाटीवर 'भुलतज्ञ' पाहिलंय, एका शब्दात दोन चुका, आणि खाली डिग्र्या मात्र सगळ्या बरोबर लिहिलेल्या.