दिवस जातो कुठे?

प्रश्न: ताई, मी बदलापूरला राहते, ऑफिस दादरला, घरात नवरा, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. रात्री पाठ टेकली की वाटतं आज स्वतःसाठी दहा मिनिटं पण मिळाली नाहीत, आणि नवरा म्हणतो तुला टाइम मॅनेज करता येत नाही. म्हणून मोबाइलवर टाइम ट्रॅकिंगचं ॲप घेतलं, काम सुरू केलं की बटण दाबा, संपलं की परत दाबा. चार दिवसात काढून टाकलं, कणकेच्या हातांनी कोण बटण दाबत बसणार? दुसरं काही सोपं आहे का?

उत्तर: अगं, काढलंस ते बरंच केलंस. तुला सरकारी पद्धत सांगते, हसू नकोस. केंद्र सरकारचं सांख्यिकी कार्यालय टाइम यूज सर्व्हे करतं, देशभराचा पहिला 2019 ला झाला, मग 2024 ला परत. त्यात बटण वगैरे काही नाही, घरी आलेला माणूस आदल्या दिवशी पहाटे 4 पासून आज पहाटे 4 पर्यंत काय काय केलं ते विचारतो आणि अर्ध्या-अर्ध्या तासाच्या खणात लिहून घेतो. पहाटे 4 चं मला फार पटलं, आपला दिवस रात्री 12 ला थोडीच बदलतो!

आणि तुझ्या कामाची गोष्ट म्हणजे एका खणात एकापेक्षा जास्त कामं लिहिता येतात. ॲपमध्ये एका वेळी एकच घड्याळ चालतं, पण तू तर कुकर लावलेला असताना मुलाचे पाढे घेतेस आणि मध्येच सासूबाईंना गोळी देतेस, ते तिन्ही लिही. एका वहीत 48 खण पाड, परतीच्या लोकलमध्ये बसायला मिळालं तर दिवसाचे भर, उरलेले झोपताना. एक आठवडा पुरे, रविवार धरून, फक्त गणपती-दिवाळीचा आठवडा घेऊ नकोस. रील्स बघितल्या तर तेही लिही, वही कोणी तपासणार नाहीये. मी केलं तेव्हा चाव्या, चष्मा, चार्जर शोधण्यातच रोज जवळजवळ एक खण जात होता, मग दाराशी एक खिळा ठोकला.

टाइम मॅनेजचं म्हणशील तर 2024 च्या आकड्यात स्वतःच्या घरातलं काम करणाऱ्या बायकांचे दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात आणि पुरुषांचे 88, तेही जे करतात त्यांचेच हं, जे हात लावत नाहीत ते या सरासरीत धरलेलेच नाहीत. त्यामुळे वहीतलं एक पान नवऱ्यालाही दे. तो म्हणेल मी काय लिहू, संध्याकाळी 7 नंतर तर काहीच नसतं. म्हणावं, तेच लिही.