लाटेकच्या नोट्स साइटवर टाकायच्या आहेत, पीडीएफ व्ह्यूअर लावू की एचटीएमएल करू?

तुम्ही विचारलंय की शंभरेक पानांच्या लाटेकमधल्या (गणिताचा मजकूर नीट छापायला वापरतात ती प्रणाली) नोट्स आहेत, मुलं बहुतेक मोबाइलवर वाचतात, तर कुठला पीडीएफ व्ह्यूअर हलका पडेल आणि एचटीएमएल करण्यात काही अर्थ आहे का. व्ह्यूअर लावूच नका, एचटीएमएल करा. या एका गोष्टीवरून मी दोन वर्षं भांडलोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

माझ्या लिनिअर अल्जिब्राच्या नोट्स १६० पानांच्या. हायपररेफ (पीडीएफमध्ये लिंका घालणारं लाटेकचं पॅकेज) लावलेलं, समीकरणाच्या नंबरवर टॅप केलं की थेट त्या पानावर, मला वाटायचं एवढं पुरे. एकदा तास संपल्यावर एक मुलगी वर्गातच मोबाइलवर त्या नोट्स वाचत बसली होती, शेजारी वही, आणि वहीच्या समासात पेन्सिलने आकडे लिहिलेले: ८७, ३१, ८७, ४४, ८७, ३१, ८७. मला वाटलं गणित सोडवतेय. विचारलं तर म्हणाली, "सर, परत कुठल्या पानावर यायचं ते लिहून ठेवते." तिच्या मोबाइलमधल्या व्ह्यूअरला मागे जायची सोयच नव्हती. ८७ वर प्रूफ, त्यात "(२.११) वरून" असं लिहिलेलं, (२.११) ३१ व्या पानावर. तिथे जायचं, झूम करायचं, ओळ उजवीकडे सरकवत वाचायची, परत ८७ वर यायचं, तोवर तिथली ओळ डोक्यातून गेलेली. मी दहा मिनिटं मागे उभा राहून बघत होतो आणि मला फार वाईट वाटलं, कारण त्या नोट्स मी चार वर्षं अभिमानाने वाटत होतो.

मग सुट्टीत बसून सगळं एचटीएमएल केलं. पहिला प्रयत्न चुकला. प्रत्येक फॉर्म्युल्याची इमेज करणारं जुनं टूल वापरलं, तर अक्षर मोठं केलं की शब्द मोठे होतात आणि फॉर्म्युले तेवढेच राहतात, शिवाय ओळीच्या वरखाली लटकतात. ते फेकलं आणि मेक४एचटीने (लाटेकचं एचटीएमएल करणारं टूल) मॅथजॅक्सचा (ब्राउझरमध्येच फॉर्म्युले मांडणारी स्क्रिप्ट) पर्याय देऊन परत काढलं. मग समीकरणाच्या नंबरवर टॅप केलं की उडी मारण्याऐवजी ते समीकरण त्याच ओळीखाली उघडेल असं केलं. त्याला फार काही लागत नाही, पानावरच्या त्या समीकरणाची कॉपी काढून खाली घालायची, वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट. प्रूफं एचटीएमएलच्या डिटेल्स टॅगमध्ये झाकून ठेवली, हवं तेव्हा उघडा.

पुढच्याच आठवड्यात तीच मुलगी आली आणि म्हणाली, "सर, (२.११) मध्ये मॅट्रिक्स सिमेट्रिक धरलाय, पण या थिअरममध्ये तसं कुठे म्हटलंय?" बरोबर होतं तिचं. वेगवेगळ्या आयगेनव्हॅल्यूंचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब असतात असं मी लिहिलेलं आणि "सिमेट्रिक" हा शब्दच राहून गेलेला, त्याशिवाय ते फक्त लिनिअरली इंडिपेंडंट असतात, लंब असतीलच असं नाही. चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही. दोन्ही ओळी एकाखाली एक दिसल्या तेव्हा कुठे ती चूक दिसली.

आमच्या विभागातल्या एका ज्येष्ठ सरांना हे सांगितलं तर म्हणाले ती मुलगी हुशार आहे, त्यात एचटीएमएलचं काय. आणि त्यांचं नेहमीचं, की डोनाल्ड कनूथनी टेक (लाटेक ज्यावर उभं आहे तो मूळ प्रोग्रॅम) पानासाठी बनवलं, तुम्ही लोक पान मोडताय. कनूथ १९७७ साली स्वतःच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची मुद्रितं बघून वैतागले आणि त्यातून टेक आलं, हे खरंच आहे. पण ते पान कागदाचं होतं, रुंदी ठरलेली होती. टेक परिच्छेदाच्या सगळ्या ओळी एकत्र तोलून कुठे तोडायच्या ते ठरवतं आणि सुंदर ठरवतं, पण ते एका रुंदीसाठी, मोबाइलच्या रुंदीसाठी नाही. नेहमीच्या पीडीएफमधून एक्सचा वर्ग कॉपी करून बघा, एक्स आणि शेजारी २ येतो. अपूर्णांकातली रेघ ही तिथे नुसती काढलेली रेघ असते, वर काय खाली काय हे फाइलला माहीतच नसतं. मग स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या मुलाने काय ऐकायचं? यावर सरांनी मला आजवर उत्तर दिलेलं नाही. मुलगी हुशार आधीही होतीच, पण ती हुशारी ८७ आणि ३१ लिहिण्यात जात होती.

आणि हे आता माझं एकट्याचं खूळ राहिलेलं नाही. अर्काइव्ह (शोधनिबंध मोफत वाचायला ठेवणारी साइट) २०२३ च्या डिसेंबरपासून लाटेकमधून आलेल्या नव्या पेपरांचं एचटीएमएल स्वतःच देतंय, लाटेक्सएमएल हे रूपांतराचं टूल वापरून. क्रोमने २०१३ साली काढून टाकलेलं मॅथएमएल (वेबपानावर गणित लिहायची भाषा, ब्राउझर ती थेट दाखवतो) २०२३ च्या जानेवारीत, आवृत्ती १०९ मध्ये, परत आलं.

मॅथजॅक्स की केटेक हे पुढे विचारालच. केटेक हेही मॅथजॅक्ससारखंच, आणि वेगवान आहे, पण त्यात लेबल आणि रेफ (समीकरणाला नाव देऊन दुसरीकडून त्याचा संदर्भ द्यायच्या कमांड) चालत नाहीत, म्हणजे नोट्ससाठी माझ्या दृष्टीने बाद. मॅथजॅक्सला समीकरणांचे नंबर मुळात बंद असतात, सेटिंगमधला टॅग्जचा (नंबर देण्याचा) पर्याय एएमएस (ams) करायला विसरू नका, मी त्यात एक अख्खी संध्याकाळ घालवली.

एक सांगायचं राहिलं. लांब समीकरणं मोबाइलवर अजूनही त्रास देतात, आडवी सरकवावी लागतात, मी बरीचशी हाताने तोडली. टिक्झच्या (लाटेकमध्ये आकृत्या काढायचं पॅकेज) आकृत्या वेगळ्या काढून डीव्हीआयएसव्हीजीएम या टूलने एसव्हीजी (कितीही मोठी केली तरी न फाटणारी इमेज) कराव्या लागतात. स्वतःचे मॅक्रो (आपण बनवलेल्या छोट्या कमांड) खूप असतील तर पहिले काही दिवस फक्त एरर बघण्यात जातील. आणि प्रिंट काढणाऱ्यांसाठी पीडीएफची लिंक खाली ठेवाच, कागदावर अजूनही त्याला तोड नाही, तेवढं सरांचं मला मान्य आहे.

व्ह्यूअर लावायचाच असला तर मोझिलाचा पीडीएफ.जेएस घ्या, फायरफॉक्समध्ये तोच असतो. पण आधी तुमच्या फाइलचा प्रिअँबल (सुरुवातीचा, पॅकेजेस लिहिलेला भाग) इथे टाका, कुठली पॅकेजेस अडतील ते बघून सांगतो.