जुन्या जपानी बाईकच्या कार्बोरेटरवरचे एमिशनचे भाग काढून टाकावेत का?

तुमची बाईक १९८० च्या आसपासची, चार सिलिंडरची. कार्बोरेटरभोवतीच्या एमिशनच्या, म्हणजे धुराच्या नियमांसाठी आलेल्या, जास्तीच्या नळ्या आणि व्हॉल्व्ह काढून टाकले तर गाडी सुधारेल का, आणि थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमधून वाजणारे फटाके थांबतील का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते बहुतेक भाग आहेत तिथेच राहू द्या. भलता भाग काढलात तर फटाके वाढतील.

अमेरिकेत १९७८ च्या मॉडेलपासून मोटरसायकलींना धुराचे नियम लागू झाले. ते पाळायला कंपन्यांनी मुख्यतः हवा-पेट्रोलचं मिश्रण लीन केलं, म्हणजे आयडलला (मूठ सोडून इंजिन नुसतं चालू असताना) आणि थोड्या थ्रॉटलला पेट्रोल कमी. त्याचे जे त्रास होणार होते ते झाकायला बरेचसे बाकीचे भाग आले. ॲक्सिलरेटर पंप घ्या. मूठ एकदम पिळली की हवा पुढे धावते, पेट्रोल मागे राहतं आणि इंजिन गचका खातं. तेवढ्या वेळापुरती पंप पेट्रोलची चिळकांडी मारतो. एमिशनचा भाग म्हणून तोच काढून फेकणारे लोक आहेत, त्यांना काय म्हणावं!

तुमच्या फटाक्यांसाठी आधी एअर कट-ऑफ व्हॉल्व्ह बघा. कार्बोरेटरच्या अंगावर दोन स्क्रूंनी बसवलेलं छोटं झाकण असतं, आत स्प्रिंग आणि नाण्याएवढा रबरी डायफ्राम, म्हणजे पातळ पडदा. गाडी वेगात असताना थ्रॉटल बंद केला की इंजिनकडचा व्हॅक्यूम वाढतो, डायफ्राम ओढला जातो आणि पायलट सर्किटची (आयडलला मिश्रण पुरवणाऱ्या बारीक वाटेची) थोडी हवा बंद होते. मिश्रण तेवढ्यापुरतं रिच, म्हणजे जास्त पेट्रोलचं, होऊन सिलिंडरमध्येच पेटतं. डायफ्राम फाटला असेल तर मिश्रण लीनच राहतं, आत न पेटता बाहेर जातं आणि गरम सायलेन्सरमध्ये फुटतं. डायफ्राम उजेडासमोर धरा आणि घडीच्या कडेला बोटाने हलकेच ताणा, सुईएवढी भोकं तिथेच सापडतात. झाकण उघडताना स्प्रिंग उडते, आणि खाली बारीक ओ-रिंग असेल तर तीही जपा.

सेकंडरी एअरची गोष्ट वेगळी. कावासाकीच्या त्या काळच्या काही मॉडेलांत हेडच्या कव्हरवर रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने सोडणारी पातळ पाती) असतात, ते एक्झॉस्टमध्ये ताजी हवा सोडतात. सिलिंडरमधल्या मिश्रणाशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे काढून ताकद वाढत नाही. पण थ्रॉटल सोडल्यावर ही हवा बंद करणारा व्हॅक्यूम स्विच अडकला, किंवा त्याची नळी कडक होऊन तडकली, तरी फटाके वाजतात. हवेची जाड नळी थोडा वेळ चिमटून गाडी चालवून बघा, आवाज थांबला तर दोष तिथे. काढायचंच असेल तर रीडच्या जागी पत्र्याच्या प्लेटा लावा आणि इनटेककडच्या व्हॅक्यूमच्या तोंडाला घट्ट टोपी घाला. ते तोंड उघडं राहिलं तर चोरटी हवा आत जाऊन आयडल वरखाली होत राहील.

मी स्वतः काढतो तो एकच भाग: मिक्श्चर स्क्रूवर, म्हणजे आयडलचं मिश्रण कमीजास्त करणाऱ्या स्क्रूवर, ठोकलेलं पितळी बूच. लहान ड्रिलने जेमतेम आरपार जा, जास्त आत गेलात तर स्क्रूचं डोकं खराब होईल. भोकात पत्र्याचा स्क्रू पिळून बूच ओढून काढा. मग मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत टेकेपर्यंत फिरवत किती फेरे होतात ते लिहून ठेवा. जोर लावलात तर टोक मोडून भोकात अडकतं. बाहेर काढल्यावर स्प्रिंग, वॉशर, ओ-रिंग तिन्ही आलीत का बघा. ओ-रिंग बहुधा आतच चिकटलेली असते. स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर बाहेर फिरवल्यावर रिच होतं, एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर लीन. हे न बघता फिरवत बसणाऱ्यांची गाडी कधीच नीट जुळत नाही.

मिश्रणाला हात लावण्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हची ठरलेली फट), इनटेकचे रबर आणि पायलट जेट (पायलट सर्किटचं पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) तपासा. ३५ नंबरच्या जेटचं भोक साधारण ०.३५ मिलिमीटर, जुन्या पेट्रोलच्या चिकट्याने ते सहज बुजतं. कार्बोरेटर सिंक करणं, म्हणजे सगळे सारखे उघडतील असे जुळवणं, त्यानंतर, आणि स्क्रू सगळ्यात शेवटी, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर. गाडी अमेरिकेत रस्त्यावर चालणार असेल तर एमिशनची उपकरणं काढायला क्लीन एअर ॲक्टची मनाई आहे. इतरत्र तुमच्याकडच्या तपासणीत काय बघतात ते आधी विचारा, आणि काढलेले भाग डब्यात नीट जपून ठेवा.