सामाजिक विषयांवर शॉर्ट फिल्म करून घर चालतं का?

नोकरी सोडून सामाजिक विषयांवरच्या शॉर्ट फिल्म कराव्यात का, त्यावर घर चालेल का, असं तुम्ही विचारलंय. मी अकरा वर्षं हेच करतेय. नुसत्या फिल्मवर घर चालत नाही. माझं चालतं ते संस्थांसाठी केलेल्या माहितीपटांवर, इतरांच्या एडिटिंगवर आणि वर्कशॉपवर. वर्षातले सात-आठ महिने त्यात जातात, उरलेल्या वेळात स्वतःची एक फिल्म होते. मला यात कमीपणा वाटत नाही, कारण त्या पैशामुळेच विषय निवडताना कुणाची परवानगी लागत नाही.

खर्चाचं म्हणाल तर कॅमेरा भाड्याने घ्या, पण आवाजावर हात आखडू नका. हललेलं दृश्य प्रेक्षक चालवून घेतात, न कळणारं बोलणं नाही. फेस्टिव्हलच्या एन्ट्री फी एकेक करून बऱ्याच होतात, म्हणून सरसकट पाठवत सुटू नका. फ्रान्समधलं क्लेरमाँ-फेराँ किंवा जर्मनीतलं 1954 पासून चालू असलेलं ओबरहाउझन ही खास शॉर्ट फिल्मची फेस्टिव्हल आहेत. तिथे गेल्या वर्षी काय निवडलं ते आधी बघा. ऑस्करला श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतची फिल्म चालते, पण एवढी लांब फिल्म इतरांसोबत एका खेळात बसवणं आयोजकांना जड जातं. शिवाय काही ठिकाणी प्रीमियरची अट असते, म्हणजे फिल्म आधी कुठे दाखवलेली चालत नाही. माझी पहिली फिल्म मी उत्साहात आधीच ऑनलाइन टाकली आणि दोन दारं बंद झाली.

आता मला खरं महत्त्वाचं वाटतं ते. कचरा वेचणाऱ्या एका ताईंवर मी फिल्म केली होती. रफ कट, म्हणजे एडिटिंगचा पहिला कच्चा खर्डा, त्यांच्या घरी लॅपटॉपवर दाखवला. त्यात कामावरून आल्यावर त्या हात धुतात, चिरलेली बोटं, नखांत अडकलेला काळा मळ, असा क्लोजअप होता. माझा सगळ्यात आवडता शॉट. त्यांनी तिथेच थांबवायला लावलं. म्हणाल्या, "हे लेकीच्या शाळेत कुणी बघितलं तर?" संमतीपत्रावर त्यांची सही होती, तरी मी तो शॉट काढला. सही घेतली तेव्हा तो शॉट कसा दिसेल हे त्यांना कुठे ठाऊक होतं?

फिल्म लावली तेव्हा ताई वस्तीतल्या वीस-पंचवीस बायकांना घेऊन आल्या. नंतरच्या चर्चेत माझ्या हातातला माइक मागून घेतला आणि हातमोजे का मिळत नाहीत, यावर स्वतःच बोलल्या. तिथे बसलेल्या एका संस्थेने मला पुढच्या महिन्यात काम दिलं. माझी निम्मी कामं अशाच खेळांतून आली आहेत, बक्षिसांतून फार थोडी.

फिल्मने काय बदलतं, हेही तुमच्या मनात असेलच. पाकिस्तानी दिग्दर्शिका शर्मीन ओबैद-चिनॉय यांच्या 'अ गर्ल इन द रिव्हर' या 40 मिनिटांच्या माहितीपटाला 2016 मध्ये ऑस्कर मिळालं. विषय होता पाकिस्तानातल्या 'इज्जती'पायी होणाऱ्या हत्या, आणि नातेवाइकांनी माफ केलं की गुन्हेगार सुटण्याची सोय. पंतप्रधानांच्या निवासस्थानी तो दाखवला गेला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संसदेने कायदा कडक केला. पण बायकांच्या संघटना त्यासाठी कित्येक वर्षं झगडत होत्या. म्हणून विषय ठरला की कॅमेरा काढण्याआधी त्यावर आधीपासून काम करणारी माणसं गाठा. नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. पहिली फिल्म सुट्टीच्या दिवसांतही होते, माझी तशीच झाली.