वाचकांचे प्रश्न : चिप बनवणाऱ्या यंत्रांचे शेअर

प्रश्न : चिप बनवण्याची यंत्रं विकणाऱ्या लॅम रिसर्चची विक्री 2022 मध्ये चढत होती, तरी शेअर आपटला. पुढे विक्री घटली तेव्हा तोच शेअर वर गेला. हा नुसता लोकांच्या मनःस्थितीचा खेळ आहे का?

मनःस्थितीचा वाटा आहेच, पण त्याखाली पक्का हिशेब आहे. 2022 या वर्षात लॅमचा शेअर साधारण 40 टक्के पडला. नंतर जून 2024 ला संपलेल्या आर्थिक वर्षात विक्री 17.4 अब्ज डॉलरवरून 14.9 अब्जांवर आली आणि त्याच बारा महिन्यांत शेअर दीडपटीहून वर गेला. यंत्राची ऑर्डर, जोडणी, पाठवणी, कारखान्यात बसवणं यांत कित्येक महिने जातात. म्हणजे आज निकालात दिसणारी विक्री हा ग्राहकाने फार आधी घेतलेला निर्णय असतो, आणि भाव मात्र पुढच्या ऑर्डरींचा अंदाज बांधून हलतो.

शिवाय या धंद्यात धक्का मोठा होऊन पोहोचतो. समजा, एका कारखान्यात 100 यंत्रं आहेत. चिपची मागणी वर्षाला 10 टक्क्यांनी वाढते, म्हणून तो 10 नवी यंत्रं घेतो. वाढ 5 टक्क्यांवर आली तर चिपचा खप वाढतोच आहे, पण यंत्रांची ऑर्डर थेट निम्मी होते. वाढ थांबली तर ऑर्डरच नाही. अर्थव्यवस्थेबद्दल नुसती शंका आली तरी हे शेअर चिपच्या शेअरांपेक्षा जास्त हेलकावतात, त्याचं कारण हेच. मेमरी चिपवाले खर्च सर्वांत आधी आणि सर्वांत जोरात कापतात. लॅमचं एचिंगचं (चिपवर सूक्ष्म आकार कोरण्याचं) काम त्यांच्यावर बरंच अवलंबून असल्याने तिला फटका लवकर बसतो.

प्रश्न : अशा शेअरचा पी-ई (भाव भागिले शेअरमागचा वर्षाचा नफा) 12 वर आलाय. स्वस्त समजून घ्यावा का?

या क्षेत्रात कमी पी-ई बऱ्याचदा तेजीच्या टोकाला दिसतो, कारण तेव्हा नफा फुगलेला असतो. भाव 240 आणि शेअरमागे नफा 20 असेल, तर पी-ई 12. पण गेल्या सात वर्षांची सरासरी काढली आणि ती 11 निघाली, तर खरा पी-ई 22 च्या आसपास. सरासरीत एक तरी मंदीचं वर्ष असलंच पाहिजे. ते वगळलं की गणितच फसवं होतं.

प्रश्न : तिमाही निकाल आले की पहिल्यांदा काय पाहावं?

आजवरचं उत्तर होतं, नव्या ऑर्डरी. 15 ऑक्टोबर 2024 ला एएसएमएल या चिपयंत्रं बनवणाऱ्या डच कंपनीचे निकाल तांत्रिक चुकीने एक दिवस आधीच बाहेर आले. तिमाहीची विक्री 7.5 अब्ज युरो, म्हणजे चांगली होती. पण नव्या ऑर्डरी फक्त 2.6 अब्जांच्या, विश्लेषकांच्या अपेक्षेच्या निम्म्याहून कमी. 2025 च्या विक्रीचा अंदाजही 30 ते 40 अब्जांवरून 30 ते 35 अब्जांवर आणला होता. शेअर त्या दिवशी सुमारे 16 टक्के पडला.

2026 पासून मात्र ही कंपनी दर तिमाहीला ऑर्डरींचा आकडा देणार नाही, असं तिने आधीच सांगितलं होतं. एका तिमाहीतल्या चार-दोन प्रचंड महाग यंत्रांनी तो आकडा वरखाली होतो, त्यामुळे हा निर्णय मला पटतो. पण मग नजर ग्राहकांकडे वळवायला हवी : टीएसएमसी, सॅमसंग, एसके हायनिक्स, मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा भांडवली खर्चाचा, म्हणजे कारखाने आणि यंत्रांवरच्या खर्चाचा अंदाज. टीएसएमसीने ऑक्टोबर 2022 मध्ये तो 40 अब्ज डॉलरवरून 36 अब्जांवर आणला, तो इशारा यंत्रवाल्यांसाठी होता.

दुसरा आकडा सेवेचा. एएसएमएलच्या 2024 च्या 28.3 अब्ज युरो विक्रीत 6.5 अब्ज आधी विकलेल्या यंत्रांच्या देखभालीतून आणि सुधारणांतून आले. कारखाने चालू आहेत तोवर हा पैसा येत राहतो. तिसरा चीनचा. 2024 च्या दुसऱ्या तिमाहीत एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा 49 टक्के होता. निर्यातबंदीच्या भीतीने आगाऊ केलेली खरेदी त्यात असू शकते, म्हणून असा वाटा कायमचा धरू नये.

प्रश्न : टॅरिफची (आयात शुल्काची) बातमी आली की विकून टाकावं का?

केवळ बातमीवर नाही. टॅरिफच्या बातम्यांवर चिप कंपन्यांच्या शेअरांचा फिलाडेल्फिया सेमीकंडक्टर निर्देशांक 3 एप्रिल 2025 ला जवळपास 10 टक्के पडला आणि 9 एप्रिलला एका दिवसात 18 टक्क्यांहून अधिक उसळला. त्या सहा दिवसांत कोणत्याही कारखान्याचं बांधकाम इतक्या वेगाने बदललेलं नव्हतं. ग्राहकाने भांडवली खर्च कापला तर मात्र गोष्ट वेगळी, तेव्हा हिस्सा कमी करायला उशीर करू नका.