कॅरिबियन क्रूझला आतली खोली घ्यावी की बाल्कनीची?

तुमचा प्रश्न असा : वय साठीच्या आसपास, दोघंच नवरा-बायको, पहिलीच क्रूझ, तर बाल्कनीच्या खोलीला जास्तीचे पैसे घालावेत का? आणि शाकाहारी माणसाचं जहाजावर काय होतं? दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे, ते खाली देते. पहिला प्रश्न वाचून मात्र माझे हात शिवशिवले, कारण आमच्या घरात यावर २०२५ च्या जानेवारीपासून वाद चालू आहे.

बाल्कनी घ्या. आता कारण.

मी कराडची, आमचे हे मालवणचे. लग्नाला तेहतीस वर्षं झाली आणि तेहतीस वर्षं मी 'घाटावरची' आहे. बांगडा साफ करता येत नाही म्हणून घाटावरची, तारकर्लीला गुडघाभर पाण्याच्या पुढे गेले नाही म्हणून घाटावरची. कृष्णा-कोयनेच्या संगमावर पोहायला शिकलेल्या बाईने हे ऐकून घ्यायचं. ह्यांचं म्हणणं, समुद्र रक्तात असावा लागतो. लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मालवणला जायचे, तेव्हा म्हणे अख्खी बोट ओकत असायची आणि हे कठड्याला धरून शेंगदाणे खात उभे असायचे. ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकलीय की त्या शेंगदाण्यांची पुडी मीच बांधून दिली होती असं वाटतं.

कॅरिबियनच का, तर २९ जून २०२४. बार्बाडोसच्या केन्सिंग्टन ओव्हलवर सूर्यकुमारने सीमारेषेवर दक्षिण आफ्रिकेच्या मिलरचा तो झेल घेतला, आपण सात धावांनी टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकलो आणि आमचे हे सोफ्यावर बसून लहान मुलासारखे रडले. १९९७ साली त्याच मैदानावर जिंकायला १२० हव्या असताना आपण ८१ त गुंडाळले गेलो होतो, ते ह्यांना सत्तावीस वर्षं सलत होतं. त्या रात्रीच ठरलं की ते मैदान बघायचं. लेक न्यू जर्सीला असते, जानेवारीत तिच्याकडे जाणार होतोच. पोर्टो रिकोतल्या सान हुआनहून सात रात्रींचं जहाज मिळालं : सेंट थॉमस, सेंट मार्टिन, अँटिगा, सेंट लुशिया, बार्बाडोस, मग एक दिवस नुसता समुद्र आणि परत. ह्यांच्या लेखी बार्बाडोस सोडून बाकी सगळी मधली स्टेशनं.

मी एकच मागितलं होतं, बाल्कनी. सकाळी उठून चहाचा कप घेऊन समुद्र बघत बसायचं, दुसरं काही नको. दोघांचा मिळून साडेचारशे डॉलरचा फरक होता. ह्यांनी लगेच रुपये केले, अडतीस-एकोणचाळीस हजार. "खोलीत काय, झोपायलाच तर जायचं. एवढ्यात मालवणच्या घराची कौलं परतून होतील." कौलं अजून परतलेली नाहीत, हे जाता जाता.

तर आतली, म्हणजे बिनखिडकीची, खोली. नवव्या मजल्यावर, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला. ह्यांच्या भाषेत नाळेवर. स्वच्छ होती, पलंग उत्तम, बाथरूम आमच्या डोंबिवलीच्या पहिल्या घरापेक्षा बरं. पण दिवा मालवला की असा काळोख की डोळे उघडे आहेत की मिटलेले ते हात लावून बघावं. दुपारी दोनला पडलात आणि जाग आली तर पहाट की संध्याकाळ, पत्ता नाही. पहिल्या रात्री मी एक युक्ती शोधली : टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनेल असतं, ते आवाज बंद करून रात्रभर चालू ठेवायचं. तेवढाच आमचा समुद्र. चौदा इंची नसला तरी टीव्हीच तो.

पहिले चार दिवस छान गेले. सेंट मार्टिनला माहो बीचवर डोक्यावरून विमानं जातात तो प्रकार केला, अँटिगात बस एका मैदानावरून गेली तेव्हा ह्यांनी जबडा मोडलेला असताना कुंबळेने कसा लाराला बाद केला ते एका जर्मन जोडप्याला समजावून सांगितलं (त्यांनी ऐकून घेतलं, भले लोक). सेंट लुशियाचे ते दोन सुळके, पिटॉन, खरंच बघण्यासारखे. फोटोत येत नाहीत.

मग सेंट लुशियाहून निघालो ती रात्र.

नकाशा काढून बघा. ती सगळी बेटं एका माळेत आहेत आणि जहाज बहुतेक वेळ माळेच्या पश्चिमेने, बेटांच्या आडोशाने जातं. बार्बाडोस मात्र माळेतून सुटलेल्या मण्यासारखं पूर्वेला, अटलांटिकमध्ये एकटं पडलंय. सेंट लुशियाहून पावणेदोनशे किलोमीटर. तिथे वारा बारमाही पूर्वेकडून येतो आणि डिसेंबर-जानेवारीत त्याला जास्त जोर असतो. तिकडचे लोक त्यांना ख्रिसमसचे वारेच म्हणतात. म्हणजे आडोसा संपला की वारा आणि लाटा थेट तोंडावर. जहाजाला पाण्याखाली पंख असतात, पण ते कुशीवर डोलणं आवरतात. पुढचं टोक वर-खाली होणं त्यांनी थांबत नाही. आणि आम्ही कुठे होतो? पुढच्या टोकाला.

संध्याकाळीच कप्तानाने सूचना केली होती की रात्री थोडी हालचाल जाणवेल. मी पर्समधून अॅव्होमीन काढून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवली. ह्यांनी ती गोळी अशी काही बघितली की जणू मी जमिनीचे कागद दिराच्या नावावर करायला सांगितलेत. "माका खंयची बोट लागता?" मी एक गोळी घेतली आणि गप्प बसले.

अकराच्या सुमारास कपाटातले हँगर एकमेकांवर आपटायला लागले. नाळ उचलली जायची, एक क्षण वर थांबायची आणि मग खाली बसायची. बसताना खालून कुठूनतरी लोखंडी दार आपटल्यासारखा आवाज. साडेअकराला हे म्हणाले, जेवण जरा जड झालं. बाराला म्हणाले, खोलीत हवाच नाही. सव्वाबाराला बाथरूममध्ये गेले ते तीनपर्यंत तिथेच.

माझ्या मनात आनंद झाला असं कोणाला वाटत असेल तर ते साफ खोटं आहे. थोडा झाला.

पण माणूस खरंच गळून गेला होता. बोट लागण्याचं शास्त्र साधं आहे : कान सांगतात आपण हलतोय, डोळे सांगतात भिंत जागेवर आहे, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. बिनखिडकीच्या खोलीत डोळ्यांना दुसरं बघायलाच काही नसतं. रात्री बाल्कनीतून तरी क्षितिज कुठे दिसणार होतं, हा ह्यांचा मुद्दा. तो मला मान्य आहे. पण वारा? तोंडावर वारा तरी आला असता की नाही?

तीन वाजता मी ह्यांना धरून बाहेर काढलं. लिफ्टजवळच्या कठड्यात कर्मचाऱ्यांनी कागदी पिशव्या खोचून ठेवल्या होत्या, म्हणजे आम्ही काही एकटे नव्हतो. पाचव्या मजल्यावर, जहाजाच्या बरोबर मध्यावर आलो आणि काय आश्चर्य, तिथे हालचाल निम्म्याने कमी. बाहेरच्या डेकवर बाक होता, तिथे बसवलं. तेवढ्यात एक पोरगा आला, आमच्या टेबलावर वाढायला असायचा तो, पेडण्याचा. रात्रपाळी करून जात होता. ह्यांच्याकडे बघून त्याला सांगावं लागलं नाही. हिरवं सफरचंद आणि खारी बिस्किटं घेऊन आला, रिसेप्शनवरून गोळीही आणली. ह्यांनी मान वर न करता पुटपुटलं की आपण मालवणचे. तो म्हणाला, "काका, बोट दर्यावर्द्यांकय लागता." एवढं एक वाक्य त्या पोराने माझ्या नवऱ्याला बक्षीस दिलं, आणि आता आमच्या घरी तेच शेवटचा शब्द म्हणून वापरलं जातं.

सकाळी आठला जहाज बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला लागलं. अगदी स्थिर. आणि हे गोळीच्या गुंगीत मेल्यासारखे झोपलेले. ज्या एका मैदानासाठी अर्ध्या जगाला वळसा घालून आलो ते बंदरापासून पंधरा-वीस मिनिटांच्या चालीवर, आणि माणूस डोळा उघडेना. नऊ वाजता एक डोळा उघडून म्हणाले, "तू जा. झेल घेतला त्या जागेचा फोटो काढ."

परदेशात मी एकटी तोवर लेकीच्या घरासमोरच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. पण गेले. बार्बाडोसमध्ये गाड्या आपल्यासारख्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे रस्ता ओलांडायला न्यू जर्सीपेक्षा धीर होता. ऊन आपलंच, दमटपणाही आपलाच. मैदानाबाहेर वेस्ट इंडिजचा थोर क्रिकेटपटू गॅरी सोबर्सचा पुतळा आहे, फटका मारतानाचा. त्याच्याबरोबर सेल्फी काढला, कारण ह्यांचा तो देव. फाटकावरच्या रखवालदाराला मी माझ्या कराडी इंग्रजीत सांगितलं की नवरा जहाजावर आजारी आहे आणि मला झेलाची जागा हवी आहे. तो आधी हसला, मग म्हणाला, "मिलर?" आणि पाच मिनिटं आत सोडलं. बोटाने दाखवली जागा. गवताचा एक तुकडा, त्यापलीकडे जाहिरातींच्या पाट्या. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण त्या रिकाम्या स्टँडसमोर उभं राहिल्यावर घसा दाटून आला खरा. का ते विचारू नका. चौदा फोटो काढले.

परत आल्यावर ह्यांनी पडल्या पडल्या चौदाही फोटो बघितले आणि म्हणाले, "हीच बाजू कशावरून? दुसऱ्या टोकाचे का नाही काढलेस?"

तर, बाल्कनी घ्या.

आता तुमचं जेवण. पहिल्याच रात्री हेडवेटरला गाठून सांगायचं की शाकाहारी आहोत आणि अंडंही चालत नाही. नुसतं व्हेजिटेरियन म्हटलं तर अंडं येतं. आमच्या जहाजावर स्वयंपाकघरात गोव्याचे आणि मंगळूरचे लोक होते, दुसऱ्या रात्रीपासून मला वेगळी डाळ, भात, एक भाजी यायची. चव बरी, मीठ कमी. सूप विचारल्याशिवाय घेऊ नका, भाजीचं म्हणतात त्यातही कोंबडीचं पाणी असू शकतं. बंद पाकिटातला खाऊ आम्हाला नेऊ दिला. किटली नेऊ नका, काढून घेतात.

पैशांचं म्हणाल तर तिकिटावरच्या आकड्यावर जाऊ नका. मोठ्या कंपन्या टिप म्हणून माणशी दररोज साधारण १६ ते २० डॉलर आपोआप लावतात. दारूचं पॅकेज एकाने घेतलं तर खोलीतल्या दुसऱ्यालाही घ्यावं लागतं असा नियम बऱ्याच ठिकाणी असतो. ह्यांना हे सांगितलं तेव्हा कौलांचा विषय पुन्हा निघाला. भारतीय पासपोर्ट असेल तर अमेरिकेचा मल्टिपल एंट्री व्हिसाच हवा, कारण सान हुआन अमेरिकेतच मोडतं आणि परत येताना पुन्हा प्रवेश करावा लागतो. प्रत्येक बेटाचे नियम वेगळे, ते कंपनीकडून लेखी मागून घ्या.

आणि एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे खाली येऊन प्रतिक्रिया लिहितील. बोट लागू नये एवढंच हवं असेल तर बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची. जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावरची आतली खोलीसुद्धा आमच्यापेक्षा कमी हलली असती. आणि वरच्या मजल्यावर पार पुढे बाल्कनी घेतली असती तर मी चहाच्या कपासकट हलले असते. एप्रिलच्या सुमाराला गेलात तर त्या वाऱ्यांचा जोरही ओसरलेला असतो. शिवाय बुकिंग करताना 'गॅरंटी' नावाचा एक स्वस्त प्रकार दिसेल. त्यात खोलीचा नंबर तुम्ही निवडत नाही, कंपनीकडे जी उरेल ती मिळते. उरते ती अर्थात कोणालाच नको असलेली.

ह्यांचं आता म्हणणं असं की दोष आतल्या खोलीचा नव्हताच, दोष त्या गॅरंटीचा होता. बरोबर आहे. ती गॅरंटी तीस डॉलर वाचवायला कोणी घेतली होती, ते मात्र हे सांगत नाहीत.