अवरक्त दीर्घिकांच्या अभ्यासाची सुरुवात करताना

सर्वप्रथम एक गोष्ट मनात पक्की करा. अवरक्त दीर्घिकांचे, म्हणजे बहुतांश तेज अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाशात देणाऱ्या दीर्घिकांचे, अवरक्त तेज मुख्यतः ताऱ्यांचे थेट तेज नसते; ताऱ्यांचा अतिनील व दृश्य प्रकाश शोषून साधारण ३० ते ६० केल्विनपर्यंत तापलेली धूळ तीच ऊर्जा पुन्हा बाहेर टाकत असते.

सुरुवातीला शेकडो दीर्घिकांची यादी घेऊ नका, फक्त आर्प २२० घ्या. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिकांच्या विलीनीकरणातून घडत असलेल्या या दीर्घिकेचे अवरक्त तेज सूर्याच्या एक लाख कोटी पटींहून अधिक आहे. निरनिराळ्या तरंगलांबींवरच्या तिच्या तेजाची मापे स्वतः आलेखावर मांडा, दोन्ही अक्ष लॉगरिदमिक ठेवा, आणि दृश्य प्रकाशात मंद असलेली रेषा ६० ते १०० मायक्रोमीटरच्या आसपास कशी उंचावते ते पाहा. हा क्षण खरोखर सुंदर असतो.

नवशिक्यांच्या नेहमीच्या चुका अशा:

- रेडशिफ्ट, म्हणजे विश्वाच्या प्रसरणामुळे प्रकाशाची तरंगलांबी वाढणे, विसरणे. रेडशिफ्ट २ असल्यास १०० मायक्रोमीटरचा प्रकाश आपल्याला ३०० वर दिसतो.
- एक ठिपका म्हणजे एक दीर्घिका असे मानणे. हर्शेल या अवरक्त अवकाश दुर्बिणीच्या ५०० मायक्रोमीटरच्या चित्रात ठिपकाच सुमारे ३६ आर्कसेकंदांचा (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) असतो. त्यात दोन-तीन दीर्घिका सहज मिसळतात.
- सारे तेज ताऱ्यांच्या जन्माला जोडणे. केंद्रातील सक्रिय कृष्णविवरही धूळ तापवते, आणि ती अधिक उष्ण धूळ मध्य-अवरक्तात, म्हणजे अवरक्ताच्या कमी तरंगलांबीच्या भागात, उठून दिसते. म्हणून तारेनिर्मितीचा दर काढण्याआधी तिथली मापे अवश्य तपासा.

धूलिकणांची रचना आणि प्रारणवहनाचे (धुळीतून प्रकाश कसा वाट काढतो याचे) गणित सध्या बाजूला राहू द्या.